तीन दहाची बस

दारं बंद होऊन पुरतं मिनिट झालं, तरी बस हलेना.

चढणारे चढले होते, बसणारे बसले होते. एका म्हाताऱ्या बाईंनी पिशवी मांडीवर घेऊन तिचे बंदही सारखे केले होते. मागच्या बाकावरच्या दोन पोरी गप्पा थांबवून खिडकीबाहेर काय झालंय ते पाहू लागल्या. बाहेर काहीच झालं नव्हतं. रस्ता मोकळा होता, सिग्नल हिरवा होता, इंजिन सुरू होतं. ड्रायव्हर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, मान जराशी कलती करून शांत बसला होता. मागून कुणीतरी काहीतरी सांगणार आहे आणि ते ऐकल्याशिवाय निघणं बरं दिसणार नाही, अशा बेतानं.

त्याच्या मागच्याच सीटवर तपासनीस बाई मांडीवर कागदांची पाटी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

“गाडीत काही बिघाड आहे का?”

“नाही बाई.”

“मग कुणाची वाट बघताय?”

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. मानेपासून कानाच्या पाळीपर्यंत तो तापला. त्यानं गिअर टाकला आणि बस इतकी अलगद काढली की उभ्या माणसाचा हातही दांडीकडे गेला नाही. पण काढायला दीड मिनिट उशीर झाला होता, आणि कागदावर मांडायला अलगदपणाचा रकाना नव्हता.

सव्वीस वर्षांची खोड ती. तिकडे, त्यांच्या देशात, प्रत्येक गाडीला कंडक्टर असे. छताखालून मागपासून पुढपर्यंत एक दोरी गेलेली असे आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटा. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. ड्रायव्हरनं पुढचं बघायचं, कंडक्टरनं मागचं. हा करार कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला कुणी पाहिलाही नव्हता. दोन घंटा पडल्या की त्याचा पाय आपोआप हलायचा, डोक्याला विचारायला जायचा नाही. आणि आज डोकं म्हणत होतं, निघ; पाय म्हणत होता, घंटा कुठंय?

पुढच्या दोन स्टॉपवर तो सावध राहिला. चौथ्या स्टॉपवर एक बाई बाबागाडी घेऊन चढली, ती नीट लावून होईपर्यंत तो थांबला ते ठीकच. पण लावून झाल्यावरही थांबला. सातव्यावर पुन्हा तेच. फेरी संपवून डेपोत गाडी लावली तेव्हा चार मिनिटं उशीर झाला होता.

तपासनीस बाई उतरल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, कामाला चोख आणि बोलायला मोजक्या अशा त्या बाई होत्या.

“तुमचा हात चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “अठरा वर्षांत इतके चांगले हात मी दोनतीनच पाहिले असतील. पण तुम्ही थांबता. कशासाठी थांबता?”

“सवय, बाई.”

“कसली सवय?”

त्यानं सांगितलं. नव्या भाषेत त्याला जेवढं जमत होतं तेवढं. दोरी, घंटा, एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय. बाईंनी ऐकून घेतलं.

“आणि घंटेच्या आधी निघालं तर?”

“तर कुणाचा एक पाय वर असतो आणि एक खाली.”

“इथे दारांना डोळे आहेत,” बाई म्हणाल्या. “पाय असेल तर दार लागतच नाही. दार लागलं, वेळ झाली, की निघायचं. लागलेलं दार पुन्हा उघडायचं नाही, कुणीही आलं तरी. एकदा उघडलं की दहा वेळा उघडावं लागतं. कळलं?”

“कळलं, बाई.”

“पुढच्या गुरुवारी पुन्हा चाचणी घेते. ती शेवटची. त्यानंतर वर्षभर अर्ज करता येत नाही, ठाऊक आहे ना?”

ठाऊक नसायला काय झालं. त्या नियमाचा कागद त्याच्या खिशात घडी पडून पडून चार तुकड्यांचा झाला होता.

कोट खुंटीला लावून त्यानं रबरी बूट चढवले आणि तो धुलाईच्या शेडमध्ये गेला. दोन वर्षं तो याच डेपोत गाड्या धूत होता. चाकांचा चिखल सोडवायचा, सीटखाली चिकटवलेलं च्युइंगगम पत्र्याच्या पट्टीनं खरवडायचं, पोरांनी काचेवर बोटांनी काढलेली तोंडं पुसायची. शेडमध्ये अकरा माणसं होती, त्यांतली सात कुठून ना कुठून उठून आलेली. एक जण तिकडे भूगोल शिकवायचा. तो आता फक्त टपाची बाजू धुवायचा, कारण त्याचे हात लांब होते. सगळ्यांवर एक इथलाच म्हातारा मुकादम होता. पाण्याच्या दाबाची चावी तो दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे, म्हणून त्याला सगळे पाणीवाला म्हणत.

“काय कॅप्टन,” पाणीवाल्यानं लांबूनच विचारलं, “बुडालं का जहाज?”

“अर्धं.”

“अर्धं जहाज बुडत नसतं बाबा. बुडतं ते सगळंच.” त्यानं ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाइप पुढे केला. “धर. अकरा नंबरच्या गाडीत कुणीतरी ओकलंय. मनाला बरं वाटेल.”

ड्रायव्हर हसला. गेल्या तासाभरात पहिल्यांदाच.

घरी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. घर म्हणायचं ते सवयीनं; कागदोपत्री त्याचं नाव तात्पुरता निवारा असं होतं. एका खोलीत तो आणि बायको, दुसरीत मुलगी आणि चार वर्षांची नात. जावई दुसऱ्या शहरात बांधकामावर होता, महिन्यातून एकदा यायचा. नात जन्मली तेव्हा इतकीशी होती की सगळे तिला बटण म्हणू लागले. आता ती चांगली गुटगुटीत झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यानं दार लोटलं तेव्हा मायलेकी दोघी उभ्याच होत्या.

“बाबा?” मुलगी म्हणाली.

“पुढच्या गुरुवारी परत आहे.”

“म्हणजे नापास,” बायको म्हणाली.

“म्हणजे पुढच्या गुरुवारी परत आहे.”

“तेच ते.”

“तेच ते नाही. नापास म्हणजे नापास.”

बायको आत गेली. भांड्यांचा आवाज मात्र झाला नाही, त्यावरून ती नुसतीच उभी आहे हे दोघांनाही कळलं.

भिंतीवर खिळ्याला एक पत्र अडकवलेलं होतं. महिनाअखेरीला निवाऱ्याची मुदत संपत होती. ज्याच्याकडे कायम नोकरीचा कागद, त्यानं इथेच भाड्यानं घर बघावं. ज्याच्याकडे नाही, त्याला दुसरीकडच्या वसतिगृहात जागा मिळेल. दुसरीकडे म्हणजे आगगाडीनं सहा तास. मुलगी आणि बटण यांची कार्डं जावयाच्या नावावर होती, त्या इथेच राहणार होत्या. बायको मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची, पण ते रोजावरचं काम. रोजावरच्या कामाला कायमचा शिक्का बसत नाही. धुलाईचंही तसंच. राहता राहिलं ड्रायव्हरचं काम. तेवढं मिळालं तर चौघं एका छताखाली, नाहीतर दोघं इथे आणि दोघं तिथे. बटणला हे सांगितलेलं नव्हतं. पण तिनं आपण होऊन आजोबांचे मोजे आपल्या खेळण्यांच्या खोक्यात लपवून ठेवायला सुरुवात केली होती.

जेवणानंतर मुलीनं विचारलं, “बाबा, खरं सांग, काय चुकलं?”

त्यानं सांगितलं. मुलगी आधी ऐकत राहिली, मग तिला हसू आवरेना. ती हसली म्हणून बटण हसली.

“अरे, म्हणजे तू नुसता बसून राहिलास? भरल्या बसमध्ये?”

“नुसता कशाला? हात स्टिअरिंगवर होते.”

“चल, ऊठ,” मुलगी म्हणाली. “आत्ताच्या आत्ता सवय मोडू या. सात दिवस आहेत.”

तिनं खोलीतल्या चारही खुर्च्या ओळीनं मांडल्या. त्याच्या हातात एक ताट दिलं, ते स्टिअरिंग. कपाटाचं दार म्हणजे बसचं दार. बटणला खिडकीचीच जागा हवी होती, म्हणून तिची खुर्ची खिडकीशी सरकवली. त्यामुळे बस मधेच वाकडी झाली, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

“मी चढले,” मुलगी म्हणाली. “बटण चढली. बसलो. दार...” तिनं कपाट लावलं आणि तोंडानं फुस्स केलं. “आता निघ.”

ड्रायव्हर ताट धरून बसला. एक, दोन, तीन, चार.

“बाबा!”

“निघतो ना.”

“आजोबा, बस मेली का?” बटणनं विचारलं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बटणचा धीर सुटला. ती खुर्चीवरून उतरली, टेबलावरचा चमचा घेतला आणि पेल्यावर दोनदा आपटला. टिंग टिंग.

ड्रायव्हरचा डावा पाय जागच्या जागी दाबला गेला, हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि तोंडानं “चला” असं कधी म्हटलं गेलं ते त्यालाही कळलं नाही. मुलगी हसून हसून भिंतीला टेकली. बटणला वाटलं, आपल्याला युक्ती सापडली. तिनं पुन्हा चमचा उचलला.

बायको आतून आली आणि तिनं बटणच्या हातातला चमचा काढून घेतला.

“नाही वाजवायचं.”

“अगं, मजेत वाजवतेय ती,” मुलगी म्हणाली.

“मजेत नाही आणि कशात नाही.” बायकोनं चमचा पदार्थ ढवळून झाल्यासारखा पुसला आणि ठेवून दिला. मग नवऱ्याकडे वळली. “अहो, मागचं बघणारा माणूस आता नाही. तुम्हाला पुढे काय दिसतं ते बघा आणि निघा.”

मुलीचं हसू थांबलं. बटणनंसुद्धा कुणाला काय झालंय ते तोंडांवरून वाचायचा प्रयत्न केला.

कारण कंडक्टर म्हणजे दुसरा कुणी नव्हता, बायकोचा थोरला भाऊ होता. ड्रायव्हरचं लग्न जुळलं तेच मुळी गाडीत. कंडक्टरनं एक दिवस घंटा द्यायच्या आधी पुढे येऊन विचारलं होतं, माझी बहीण आहे, करतोस का. हा म्हणाला होता, आधी घंटा दे, लोक खोळंबलेत. पुढे दोघांनी सव्वीस वर्षं एकच गाडी चालवली. एकानं पुढून, एकानं मागून. शेवटच्या दिवशी, सगळं गाव जीव घेऊन हद्दीकडे निघालं तेव्हा, गावाबाहेरच्या फाट्यावर लोक असे लोंबकळले की दार लागेना. बेचाळीस सीटच्या गाडीत शंभरावर माणसं. मेहुण्यानं खाली उतरून एका म्हातारीला आणि तिच्या दोन नातवंडांना आत ढकललं. मग त्याला स्वतःला चढायला पायरीवर बोटभर जागा उरली नाही. दोरीपर्यंत हात पोहोचत नव्हता, म्हणून त्यानं बाहेरून पत्र्यावर तळहात दोनदा आपटला. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. मेहुण्यानं पुन्हा दोनदा आपटला, या वेळी जोरात, रागावल्यासारखा. आणि ड्रायव्हर निघाला.

हद्दीपलीकडे उतरल्यावर बायकोनं विचारलं होतं, “दादा?”

“मागच्या बसनं येतोय,” तो म्हणाला होता.

मागे बस नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. त्यावर तीन वर्षांत दोघांचं एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं.

बायकोनं हात पुसले, खांद्यावर नसलेली पिशवी मांडीवर घेतल्यासारखं केलं आणि तिसऱ्या खुर्चीवर गुडघे जुळवून बसली, परक्या गाडीत बसतात तशी.

“चला,” ती म्हणाली. “मी बसले. दार लागलं. निघा.”

त्यानं ताट घट्ट धरलं. एक, दोन.

“निघा म्हणते ना!”

तो निघाला.

“परत,” बायको म्हणाली.

त्या संध्याकाळी बस अकरा वेळा सुटली. बटण पाचव्या फेरीलाच खिडकीच्या जागेवर झोपली. पुढचे सगळे दिवस हेच चाललं. दुपारच्या सुट्टीत पाणीवाला त्याला धुतलेल्या गाडीत बसू द्यायचा. दार लावायचं, दोन आकडे म्हणायचे, निघाल्यासारखं करायचं. भूगोलवाला बाहेरून बघायचा आणि म्हणायचा, “पोहोचलास कुठवर?” बुधवारपर्यंत पायाला कळल्यासारखं वाटलं.

गुरुवारी दुपारी मार्ग कळला. नऊ नंबर. डेपोतून दोन पस्तीसला सुटणार, बाजार, न्यायालय, दोन शाळा, मोठं रुग्णालय, मग नदीपलीकडून वळसा घालून परत. रुग्णालयाचं नाव त्यानं दोनदा वाचलं. मग त्यानं हिशेब केला: बायकोची पाळी दोनला सुटते, म्हणजे ती केव्हाच घरी पोहोचलेली असणार. बरं झालं. ओळखीचं माणूस समोर असलं की हात चळतो.

तपासनीस बाई मागे येऊन बसल्या. “निघू या,” एवढंच म्हणाल्या.

बाजाराच्या स्टॉपवर दार लागलं. एक, दोन, निघाला. न्यायालयापाशी एका वकिलाची फाइल फुटपाथवर सांडली. तो कागद गोळा करत हात हलवत होता, पण दार लागलेलं होतं. निघाला. शाळेपाशी पोरांचा लोंढा चढला, त्यांचं आत ढकलाढकलीचं राजकारण संपलं, दार लागलं. निघाला. प्रत्येक वेळी मानेच्या मागे एक जागा कान टवकारायची आणि प्रत्येक वेळी तो तिला तसंच सोडून पुढे जायचा. डोळ्यांपुढच्या पट्टीवर वेळेचे हिरवे आकडे होते. ना एक मिनिट पुढे, ना एक मिनिट मागे. मागच्या सीटवर पेन चालल्याचा आवाज येत नव्हता, हे चांगलं लक्षण होतं.

रुग्णालयाला तो तीन नऊला लागला. सुटायची वेळ तीन दहा. काठीवाले दोघे, पायाला पट्टी बांधलेला एक मुलगा आणि त्याची आई, पाळी संपवून निघालेल्या तीन परिचारिका. सगळे चढले. तो साठ सेकंद थांबला, नियमातले. दार लागलं.

त्यानं निघण्याआधी आरशात पाहिलं, पाहायचं असतं म्हणून.

भांड्यांच्या गाड्या ने-आण करायच्या मागच्या फाटकातून एक बाई धावत येत होती. कोटाखालून ओला एप्रन लोंबत होता. पिशवी खांद्यावरून घसरून कोपरात आली होती. ती धावायची सवय नसलेल्या माणसासारखी धावत होती, एका पायावर जास्त भार देऊन. मधेच तिचा पाय मुरगळला. ती थबकली आणि पुन्हा धावू लागली. अंतर चाळीसेक पावलांचं असेल. तिनं हात वर केला.

तो तिच्या धावण्यावरून तिला ओळखता ना. तीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला धावताना दोनदाच पाहिलं होतं. त्यानं ओळखलं ते त्या हातावरून. ती हात असा वर करायची, जणू कुणाला बोलवत नसून कुणाला तरी थांब म्हणून दटावतेय.

पट्टीवर तीन दहा झाले.

त्याचा अंगठा दाराच्या बटणापाशी होता. बटण गोल होतं, कडेला झिजलेलं. एवढंच दाबायचं. वीस सेकंद. मागच्या सीटवर कपड्यांची सळसळ झाली. बाईही आरशातच बघत होत्या बहुतेक.

आणि तेव्हाच तिलाही तो दिसला. ज्या आरशात आपल्याला माणूस दिसतं, त्या आरशात त्या माणसालाही आपण दिसतो, हे त्यानं सव्वीस वर्षांत कितीदा मेहुण्याला समजावून सांगितलं होतं. ती थांबली. वर केलेला हात तसाच राहिला क्षणभर, मग केसांवर गेला, केस सारखे करायलाच वर केल्यासारखा. तिनं पिशवी खांद्यावर चढवली. एप्रन कोटात खोचला. आणि बसकडे पाठ करून ती स्टॉपवरच्या फलकापुढे जाऊन उभी राहिली. नाक काचेला लागेल इतकी जवळ. एक बोट काचेवर टेकवून ती वेळापत्रक वाचू लागली. वरून खाली, एकेक ओळ.

तिला त्या लिपीतलं एक अक्षरही येत नव्हतं.

त्यानं बस काढली. उभ्या माणसाचा हात दांडीकडे गेला नाही. आरशात ती पाठ लहान होत गेली, मग वळण आलं आणि आरशात झाडं आली.

पुढचे सहा स्टॉप त्याला नीट आठवले नाहीत, पण कागदावर ते सगळे बिनचूक होते.

डेपोत गाडी लावल्यावर बाईंनी पाटीवरचे तीन कागद वेगळे केले, दोनावर सही केली, एकावर त्याची घेतली.

“रुग्णालयापाशी एक बाई धावत येत होत्या,” त्या म्हणाल्या.

“हो, बाई.”

“दिसल्या होत्या ना तुम्हाला?”

“दिसल्या.”

“पुष्कळांचं तिथेच बिनसतं. दार उघडतात.” त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला. “पण त्यांना बहुतेक दुसरीच बस हवी होती. फलक बघत होत्या.”

“असेल,” ड्रायव्हर म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग शिक्का उचलला, त्यावर फुंकर घातली आणि कागदावर मारला. “सोमवारपासून. सहाची पाळी. अभिनंदन.”

शेडमध्ये पाणीवाल्यानं बातमी ऐकून पाण्याची चावी बंद केली. असं तो सहसा करत नसे. “म्हणजे सोमवारपासून तू माझ्या गाड्या घाण करून आणणार,” तो म्हणाला. “दोन वर्षं शिकवलं ते याच्यासाठी?” भूगोलवाल्यानं आपले लांब हात पुढे करून त्याला मिठी मारली आणि दोघंही ओले झाले.

घरी मुलीनं कागद तीनदा मोठ्यानं वाचला. बटणला काय झालंय ते कळलं नाही, पण उड्या मारायला कारण लागतंच असं नाही. तिनं खोक्यातून मोजे काढून आजोबांना परत दिले. सगळे डाव्याच पायाचे असल्यासारखे ताणले गेले होते. तो सारखा दाराकडे बघत होता.

बायको पावणेपाचला आली. दारातच कोट काढला.

“कामच सुटेना,” ती म्हणाली. “एक जण आलीच नाही, तिचीही भांडी माझ्याच गळ्यात.” मग मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. “झालं?”

“झालं, आई! हे बघ!”

“हात ओले आहेत माझे. तूच धर.”

मुलीनं कागद तिच्यापुढे धरला. तिनं तो सावकाश पाहिला, वरच्या चिन्हापासून खालच्या शिक्क्यापर्यंत. घाईघाईनं पाहिला असता तर बरं दिसलं नसतं, अशा बेतानं. मग म्हणाली, “छान आहे शिक्का,” आणि भिंतीवरचं पत्र खिळ्यावरून काढून घडी करून कपाटात टाकलं.

“आई, बस मिळाली ना वेळेवर? मी म्हटलं, आज बाबाच...”

“मिळाली की,” बायको म्हणाली. “बूट चिखलाचे आहेत. बाहेर काढते.”

ती जिन्यात गेली. थोड्या वेळानं तोही गेला. ती वरून दुसऱ्या पायरीवर बसली होती. तो तिच्या शेजारी बसला. खालच्या मजल्यावर कुणीतरी कपडे पिळत होतं, त्याचं पाणी ठिबकत होतं.

“काय लिहिलंय गं त्या फलकावर?” त्यानं विचारलं.

ती बुटाची नाडी ओढू लागली.

“पुढची बस चाळीस मिनिटांनी आहे असं लिहिलंय.”

“तुला कधीपासून वाचता यायला लागलं?”

“उभं राहिलं की येतं,” ती म्हणाली.

एक बूट निघाला. घोटा सुजून वर आला होता. दुसऱ्या बुटाची नाडी ओली होऊन तिची गाठ आवळली होती, ती तिच्या भांडी घासून सुरकुतलेल्या बोटांना सुटेना. तो एक पायरी खाली उतरला, तिचा पाय गुडघ्यावर घेतला आणि नखानं गाठ सोडवत बसला. गाठ हट्टी होती. पुष्कळ वेळ लागला. दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.